२७० किलोचं यंत्र ते बाळाच्या छातीवरची पट्टी

हेडफोन लावलेत? मग आता मनगटावर स्मार्टवॉच असेल तर ते काढून उलटं करा. मागे हिरवा दिवा लुकलुकतोय ना, तो तुमची नाडी मोजतोय. तुम्ही झोपलात तरी मोजतो. आपल्याला त्याचं काही वाटतच नाही, कारण घड्याळ हलकं आहे. आजची गोष्ट या हलकेपणाची आहे.

चला नेदरलँड्समध्ये, लायडनला. विसावं शतक नुकतंच सुरू झालंय. विलेम आइंथोव्हेन नावाच्या प्राध्यापकांनी हृदयातली वीज टिपणारं यंत्र बनवलं. आत चांदीचा मुलामा दिलेली क्वार्ट्झची इतकी बारीक तार, की डोळ्यांना जेमतेम दिसावी. आणि यंत्राचं वजन? सुमारे २७० किलो! चालवायला पाच माणसं. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून गप्प बसायचं. यंत्र हलवणं शक्यच नव्हतं, म्हणून दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलमधून टेलिफोनच्या तारेने हृदयाचे ठोके प्रयोगशाळेत आणायचे. १९२४ मध्ये आइंथोव्हेनना नोबेल मिळालं, ते योग्यच होतं. पण बघा, माणूस यंत्राला बांधलेला होता.

हे खटकलं अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टरना. त्यांचं म्हणणं साधं होतं: माणूस दिवसभर काय पलंगावर पडून असतो? तो चालतो, चिडतो, जिने चढतो. तेव्हाचं हृदय कोण बघणार? १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ३८ किलोचं रेडिओयंत्र पाठीवर बांधून हृदयाचा आलेख दुसऱ्या ठिकाणी पाठवून दाखवला. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, त्यावरून अंदाज करा! पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्र लहान झालं आणि १९६१ मध्ये होल्टरनी 'सायन्स' या नियतकालिकात ही पद्धत मांडली. आपल्याकडेही डॉक्टर सांगतात ना, 'चोवीस तासांचा होल्टर लावू या', तो हाच. माणसाचं आडनाव यंत्राला चिकटलं.

पण वायर आणि चिकटपट्ट्या राहिल्याच. मोठ्यांचं एक वेळ ठीक आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं काय? आपण म्हणतो 'बाळाला काचेत ठेवलंय', त्या पेटीतल्या बाळाची त्वचा इतकी नाजूक असते, की चिकटपट्टी काढताना तिचा थर निघू शकतो आणि व्रण राहतो. शिवाय अंगभर वायरी. आईने उचलायचं तर आधी त्या सावरायच्या.

आणि उचलणं हा लाड नाही हं, उपचार आहे. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू मदर केअर. म्हणजे बाळाला आईची कूस हवी, डॉक्टरांना आकडे हवेत आणि मध्ये वायर आडवी.

अडचण मुळात सिलिकॉनची. चिपमधला सिलिकॉन काचेसारखा, वाकवला की तुटतो. २००६ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने एक युक्ती प्रसिद्ध केली. रबर आधी ताणायचं, त्यावर केसाच्या शेकडो पट पातळ सिलिकॉनच्या फिती चिकटवायच्या आणि रबर सोडून द्यायचं. परकराची नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात ना, तशा सिलिकॉनला लाटा पडल्या! आता ताणलं तर लाटा सपाट होतात, पण सिलिकॉन तुटत नाही. मला विचाराल तर या अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात सुंदर कल्पना हीच.

२०११ मध्ये त्यांनी बबलगमसोबत मिळणाऱ्या टॅटूसारखा, नागमोडी तारांचा सेन्सर त्वचेवर बसवला. आणि २०१९ मध्ये शिकागोच्या रुग्णालयांत, आता नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात असलेल्या रॉजर्सच्या गटाने नवजात बाळांवर दोन मऊ पट्ट्या लावल्या. एक छातीवर, एक पावलाला. चिकटपणा मुद्दाम बेताचा. बॅटरी नाही, कारण वीज गादीखालच्या अँटेनातून हवेतूनच मिळायची. नेहमीच्या वायरवाल्या यंत्रांच्या आकड्यांशी हे आकडे पडताळले, ते जुळले.

अर्थात, अँटेनाचा पल्ला वीतभरच. बाळ फार लांब नेलं की संपर्क तुटायचा. म्हणून २०२० मध्ये त्याच गटाने छोटी बॅटरी असलेली आवृत्ती आणली. ती लावलेलं बाळ आई छातीशी घेऊन बसते, आणि पडद्यावर ठोके उमटत राहतात.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, घड्याळ परत घाला!