क्लेमेंटीतली उद्याने आणि आपला कॅमेरा



भारतात सुट्टीवर गेलो की आपण भिगवण, ताडोबा करतो आणि इकडे परतल्यावर तोच कॅमेरा सहा महिने कपाटात पडून राहतो. माझेही असेच होते. क्लेमेंटीत राहणाऱ्यांनी खरे तर घराजवळच सुरुवात करावी: क्लेमेंटी वूड्स पार्क, वेस्ट कोस्ट पार्क, आणि सगळ्यात सोयीचा म्हणजे उलू पांडान कालव्याकाठचा पार्क कनेक्टर. खंड्या, बगळे, घोरपड हे तर नेहमीचेच. नशीब असेल तर पाणमांजरांचे कुटुंब किंवा धनेशाची जोडी दिसते. हा धनेश सिंगापुरातून नाहीसाच झाला होता, १९९४ साली पुलाउ उबिन बेटावर पुन्हा दिसला. ऑक्टोबर ते मार्चमध्ये उत्तरेकडचे पाहुणेही येतात, त्यात निळ्या शेपटीचा वेडा राघू असतो.

आता उजेडाचे गणित. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. सातच्या सुमारास उगवतो आणि नऊला चांगला ३० अंश वर आलेला असतो. म्हणून कोवळे ऊन फार थोडा वेळ मिळते, सातला कालव्यावर हजर पाहिजे. ३०० मिमीची लेन्स पुरते. उडत्या पक्ष्याला शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा, आयएसओ वाढला तर वाढू द्या. पांढऱ्या बगळ्याला उन्हात एक्स्पोजर थोडे कमी करा, नाहीतर पिसांचा नुसता चुना होतो.

एसीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर बाष्प धरते, तेव्हा बंद बॅग अर्धा तास आधी बाल्कनीत ठेवावी. घरी परतल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल. बुरशी लागली की लेन्स गेली!

पक्षी जवळ यावा म्हणून पाव टाकू नका. २०२० पासून वन्य प्राण्यांना खाऊ घालणे गुन्हा आहे, पहिल्याच वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्यात न बसणारी चूक मी केली आहे. शिंजिराच्या घरट्याचा फोटो नीट यावा म्हणून समोरची एक फांदी बाजूला वाकवून बांधली. फोटो छान आला. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. आडोसा मीच काढला होता. तो फोटो मी आजवर कोणाला दाखवलेला नाही.

फोटोवर तारीख आणि जागा मात्र जरूर लिहा, आयनॅचरलिस्टवर टाकलेत तर उत्तमच. क्लेमेंटी जंगलाची सुमारे ८५ हेक्टर जागा १९९८ पासून निवासी वापरासाठी राखीव आहे. २०२० मध्ये ड्रोनने घेतलेली त्याची धुक्यातली छायाचित्रे गावभर फिरली आणि ते वाचवावे म्हणून लोक बोलू लागले. तातडीने घरे बांधायची गरज नाही, असे सरकारने तेव्हा सांगितले. शेजारच्या डोव्हर जंगलाचा पूर्वेकडचा भाग मात्र २०२१ च्या निर्णयानुसार घरांसाठी गेला. तिथे कोण राहत होते याची नोंद आता जुन्या फोटोंतच सापडेल.

या रविवारी सातला येताय का?