पाहुण्या कामगारांची भाषा

दि. १० सप्टेंबर १९६४ रोजी पश्चिम जर्मनीतील कोलोन शहराच्या डॉइट्झ स्टेशनावर परदेशी कामगारांची गाडी येऊन थांबली. फलाटावर बँड वाजत होता, वार्ताहर जमले होते, कारखानदारांच्या संघटनेचे प्रतिनिधी फुले घेऊन उभे होते. ध्वनिक्षेपकावरून एक नाव पुकारण्यात आले : आर्मांदो रोद्रिगेश. पोर्तुगालच्या एका खेड्यातला हा अडतीस वर्षांचा सुतार. आपले नाव ऐकताच तो घाबरला. आता आपल्याला परत धाडतात, असे त्याला वाटले. जर्मन भाषा त्याला कळत नव्हती. दुभाष्याने समजावले तेव्हा उलगडा झाला, की जर्मनीत आलेला दहा लाखावा परदेशी कामगार म्हणून त्याचा सत्कार आहे आणि समोरची नवी कोरी मोपेड त्याच्यासाठी आहे. मोपेडवर बसलेल्या या सुताराचे छायाचित्र पुढे जर्मन शाळांच्या पुस्तकांत गेले.

पुस्तकांत फारसे न येणारा भाग असा. काही वर्षांनी रोद्रिगेश आजारी पडला. पोटात गाठ झाली होती. गावी राहून औषधोपचारात त्याने सारी पुंजी घातली. जर्मनीत त्याच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात होते आणि आजारपणाचा भत्ता मिळण्याचा त्याला हक्क होता; परंतु हे त्याला ठाऊकच नव्हते. १९७९ साली तो वारला.

श्रोतेहो, मी इतिहासाचा पदवीधर नाही. आठवीनंतर कारखान्यात गेलो आणि पुढचे सर्व शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. त्यामुळे परक्या मुलखात आलेल्या तरुणांना भाषा शिकवण्याचा इतिहास सांगायला मी उभा राहतो, तेव्हा माझे लक्ष व्याकरणाकडे न जाता त्या विम्याच्या कपातीकडे जाते.

पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी कामगार आणण्याचा पहिला करार केला. त्यानंतर १९६० साली स्पेन व ग्रीस, १९६१ साली तुर्कस्तान, १९६४ साली पोर्तुगाल, १९६८ साली युगोस्लाव्हिया, असे करार होत गेले. आलेल्या माणसांना नाव मिळाले ‘गास्टआर्बाइटर’, म्हणजे पाहुणा कामगार. शब्द गोड आहे. पण पाहुण्याने केव्हातरी निघायचे असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. तुर्कस्तानशी झालेल्या मूळ करारात दोन वर्षांची मुदतच घातली होती. ती अट १९६४ साली निघाली. कारण काम शिकलेला माणूस परत पाठवून नवा आणणे कारखानदारांना परवडेना. मुदत गेली, तरी ‘पाहुणा’ ही समजूत मात्र राहिली, आणि जो जाणार आहे त्याला भाषा कशाला शिकवायची, हा हिशेबही राहिला. १९७३ च्या नोव्हेंबरात भरती बंद झाली तोपर्यंत सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे येऊन गेली होती. त्यांतली एक कोटी दहा लाखांच्या आसपास परतली. बाकीची राहिली आणि त्यांनी बायकामुले आणली.

भाषा ते शिकले ती यंत्राजवळ. आण, धर, उचल, लवकर, उद्या, घरी जा. क्रियापदांची रूपे गळालेली ही जर्मन इतकी वेगळी होती, की हायडेलबर्गच्या विद्वानांनी सत्तरीच्या दशकात तिचा शास्त्रीय अभ्यास केला. हुकूम समजण्यापुरती ती पुरे होती. हुकमाला उत्तर द्यायला पुरत नव्हती.

येथे आमच्या बिरादरीचाही दोष सांगितला पाहिजे. १९७२ च्या कायद्याने सर्व परदेशी कामगारांना कारखान्यातील कामगार मंडळाच्या निवडणुकीस उभे राहण्याचा हक्क मिळाला होता. तरीही १९७३ च्या ऑगस्टात कोलोनच्या फोर्ड कारखान्यात काय घडले पाहा. सुट्टीवरून उशिरा परतल्याबद्दल सुमारे तीनशे तुर्की कामगारांना काढून टाकले. त्यांच्या भाईबंदांनी काम थांबवले. युनियन आणि कामगार मंडळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. आठवड्याच्या आत तो संप मोडला गेला. एकाच छपराखाली राबणारे दोन समाज, आणि त्यांच्यामध्ये एक न ओलांडलेली भाषा.

मला हे वाचताना शरम वाटली, कारण मीही तेच केले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या औद्योगिक वसाहतीत एका गेट मीटिंगला मी तासभर मराठीत बोललो. मागच्या रांगेतल्या ओडिया मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी संप, आणि ही मुले डबे घेऊन पहिल्या पाळीला हजर! आमच्या लोकांनी त्यांना फितूर म्हटले. पुढे दोन दिवसांनी कळले, की संप कोणत्या तारखेपासून हेच त्यांना समजले नव्हते.

जर्मनीकडे वळतो. १९७४ साली परदेशी कामगारांना जर्मन शिकवण्यासाठी माइंझ येथे एक संस्था निघाली. परंतु शिक्षण हा कोणाचा हक्क नव्हता. शाळांत तर दुहेरी घोळ. बव्हेरियासारख्या राज्यात, मुले परत जाणार म्हणून, त्यांना मातृभाषेच्या वेगळ्या वर्गांत बसवण्यात आले. १९७९ साली सरकारनेच नेमलेले अधिकारी हाइन्झ क्यून यांनी स्पष्ट लिहून दिले, की ही माणसे आता इथलीच आहेत, त्यांच्या मुलांना सामावून घ्या. चारच वर्षांनी, १९८३ साली, सरकारने कायदा केला तो जाणाऱ्या बेकार कामगाराला १०,५०० मार्क देण्याचा! याच काळात पोलंड, रुमानिया, रशिया येथून येणाऱ्या जर्मन वंशाच्या लोकांना मात्र भाषावर्ग आणि त्या काळात पोटापुरता भत्ताही मिळे. म्हणजे शिकवायचे कसे, हे सरकारला पुरते ठाऊक होते.

अखेर १ जानेवारी २००५ रोजी नवा कायदा अमलात आला. पहिल्या करारापासून पन्नासावे वर्ष ते. भाषेचे ६०० तास, देशाचा कायदा व इतिहास यांचे ३०. हे तीस पुढे वाढत १०० झाले. सत्तावीस वर्षांखालील तरुणांसाठी वेगळा वर्ग, त्यात भाषेचे ९०० तासांपर्यंत शिक्षण. सुरुवातीस फी तासाला एक युरो. बेकारीभत्त्यावर असणाऱ्यास माफ. योजना चांगली, यात वाद नाही. पण २०१५ साली निर्वासितांची लाट आली तेव्हा निर्णय व्हायच्या आधीच वर्गात बसण्याची मुभा सिरिया, इराक, इराण, एरिट्रिया अशा निवडक देशांच्या लोकांना दिली गेली. अफगाण पोरे बाहेर राहिली. वयाची विशी, हाताला काम नाही, आणि भाषेच्या वर्गाचे दार बंद. आणि शिकवणारे? त्यांतले बहुसंख्य तासावर राबणारे, ना कायम नोकरी ना भरपगारी रजा. २०१६ साली त्यांचे किमान मानधन तासाला ३५ युरो करावे लागले. भाषा शिकवणारा हाही कामगारच आहे, हे कोणाच्या फारसे ध्यानात येत नाही.

त्याच वर्षीच्या कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. आश्रय नाकारलेला असला तरी जो तरुण कारखान्यात उमेदवारी करीत आहे, त्याला तीन वर्षांचे शिक्षण आणि पुढे दोन वर्षे नोकरी एवढा काळ साधारणपणे हुसकावून लावायचे नाही, असे ठरले. भाषा पाठ्यपुस्तकातून थोडी आणि कामातून फार येते. मात्र त्या कामावर बोलायला मोकळीक हवी.

हे सारे दूरदेशीचे राहिलेले नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, आणि जर्मन भाषेच्या वर्गांकडे आपली मुले वळू लागली. वायरमनचे काम शिकलेला असाच एक मुलगा मध्यंतरी आमच्या कचेरीत आला होता. मी त्याची वही मागून घेतली. स्टेशन, पाव, आजी, हवामान, रंगांची नावे, सगळे सुवाच्य अक्षरात. मी विचारले, ‘‘बाळ, आजारी पडलास तर मिळणाऱ्या पैशाला काय म्हणतात?’’ तो हसला आणि म्हणाला, ‘‘काका, अजून तिथवर आलो नाही.’’ मी त्याला ‘क्रांकनगेल्ट’ हा शब्द सांगितला आणि रोद्रिगेशची हकीकत सांगितली. त्याने शब्द लिहून घेतला, आणि मग पगारपत्रकाला काय म्हणतात ते विचारले.