मोठ्या मुलांमधील आळशी डोळ्यावरील पट्टी उपचार

पट्टी उपचार हा आळशी डोळ्यावरील एक उपचार आहे. त्यात चांगली दृष्टी असलेला डोळा दररोज ठरावीक तास झाकून कमजोर डोळ्याला पाहण्यास भाग पाडले जाते. आळशी डोळा अर्थात अँब्लिओपिया या विकारात डोळ्याची रचना बहुधा निरोगी असते. परंतु बालपणी त्या डोळ्याकडून स्पष्ट प्रतिमा न मिळाल्याने मेंदू त्याच्या संदेशांकडे दुर्लक्ष करू लागतो. त्यामुळे योग्य चष्मा लावूनही त्या डोळ्याने पूर्ण स्पष्ट दिसत नाही. तिरळेपणा, दोन्ही डोळ्यांच्या नंबरांतील मोठा फरक आणि जन्मजात मोतीबिंदू ही त्याची प्रमुख कारणे होत.

इतिहास

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४३ मध्ये तिरळेपणावर चांगला डोळा झाकण्याचा उपाय सुचवला होता. १९६० च्या दशकात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले. सुरुवातीच्या काळात एक डोळा बंद ठेवल्यास मेंदूतील दृष्टिकेंद्राची जडणघडण बदलते, प्रौढ मांजरांत मात्र तसे घडत नाही, असे त्यांना आढळले. दृष्टिसंस्थेवरील संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा निष्कर्षांमुळे सात-आठ वर्षांनंतर उपचार निष्फळ ठरतो, हा समज दृढ झाला.

वयोमर्यादेविषयी संशोधन

अमेरिकेतील 'पीडिअ‍ॅट्रिक आय डिसीज इन्व्हेस्टिगेटर ग्रुप' या संशोधकगटाने ७ ते १७ वर्षांच्या ५०७ मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. दृष्टितक्त्यावर किमान दोन ओळींची सुधारणा हा यशाचा निकष होता. ७ ते १२ वयोगटात चष्म्यासोबत पट्टी व अ‍ॅट्रोपिनचे थेंब वापरणाऱ्या ५३ टक्के मुलांत, तर केवळ चष्मा वापरणाऱ्या २५ टक्के मुलांत अशी सुधारणा दिसली. १३ ते १७ वयोगटात चष्मा व पट्टी आणि केवळ चष्मा यांच्या परिणामांत एकंदरीत फारसा फरक नव्हता. मात्र या गटातील ज्यांच्यावर पूर्वी उपचार झालेच नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण अनुक्रमे ४७ व २० टक्के होते. म्हणजेच वय वाढले की यशाची शक्यता घटते, पण सातव्या वर्षी ती संपत नाही. सुधारणा झालेल्या बहुतेक मुलांतही काही दृष्टिदोष शिल्लक राहिला.

पद्धत

प्रथम योग्य नंबरचा चष्मा दिला जातो. काहींची दृष्टी तेवढ्यानेही सुधारते. मोतीबिंदूसारखा अडथळा असल्यास तो आधी दूर करावा लागतो. त्यानंतर चिकटपट्टी चष्म्याच्या आत थेट त्वचेवर लावतात, जेणेकरून मुलाला कडेने डोकावता येऊ नये. वरील अभ्यासात पट्टी दररोज दोन ते सहा तास लावली होती. या वेळेत वाचन, लेखन, चित्रकला अशी जवळची कामे करण्यास सांगितले जाते. चांगल्या डोळ्याची दृष्टी तात्पुरती धूसर करणारे अ‍ॅट्रोपिनचे थेंब हा पट्टीला पर्याय आहे.

अडचणी आणि देखरेख

पट्टीमुळे त्वचेला खाज येऊ शकते. मोठ्या मुलांना वर्गात पट्टी लावण्याचा संकोच वाटतो व कमजोर डोळ्याने अभ्यास करणेही कठीण जाते; म्हणून अनेकदा शाळेनंतरची वेळ निवडली जाते. अति झाकल्याने चांगल्या डोळ्याची दृष्टी घटण्याची शक्यता असते, तर तिरळेपणा असलेल्या मोठ्या मुलांत क्वचित दुहेरी दिसू लागते. त्यामुळे हा उपचार नेत्रतज्ज्ञाच्या नियमित तपासणीखालीच केला जातो. उपचार थांबवल्यावर काहींची दृष्टी पुन्हा मंदावते, म्हणून नंतरही तपासणी चालू ठेवतात. पुढे चांगल्या डोळ्याला इजा झाल्यास सारी भिस्त कमजोर डोळ्यावर राहते. त्यामुळे त्याच्या दृष्टीतील अंशतः सुधारणाही महत्त्वाची ठरते.