कुत्र्याच्या खुब्याचं बिल कोणाच्या नावावर?

मागच्या वीकांताला मुरुडला गेलो होतो. सकाळी किनाऱ्यावर अजून गर्दी नव्हती, समोर समुद्रात पद्मदुर्ग, हातात कटिंग. तेवढ्यात एक जर्मन शेफर्ड दिसला. जेमतेम चार वर्षांचा असेल, पण चाल म्हाताऱ्याची. मागचे पाय वाळूत ओढत चालला होता. बरोबर पुण्याचं एक जोडपं होतं. बोलता बोलता कळलं की हिप डिस्प्लेजिया आहे, म्हणजे खुब्याचा सांधा खोबणीत नीट बसत नाही.

"पेपरवालं पिल्लू म्हणून जास्तीचे पैसे मोजले हो आम्ही," ती म्हणाली. "यावर कोणी रिसर्च करत नाही का?"

करतात. पण त्याचे पैसे कोण देतं? तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जुनी पानं उलटली आणि लक्षात आलं, की या प्रश्नाला आपल्याकडेच जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात 1832पासून करू. उन्हाळ्यात मुंबईतली भटकी कुत्री मारायचा सरकारी रिवाज होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. बक्षिसासाठी शिपाई लोकांच्या दारातली कुत्रीही उचलायला लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. जूनमध्ये कोट भागात हरताळ झाला, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि इतर शेठ मंडळींनी पांजरापोळ काढली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी कापसासारख्या मालाच्या उलाढालीवर स्वतःहून एक बारीकशी पट्टी बसवून घेतली. प्रत्येक सौद्यातून थोडंसं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढचा टप्पा परळ. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून 1880च्या दशकात तिथे जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं. नाव दिलं पत्नीचं, बाई साकरबाई. त्याच आवारात 1886मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. म्हणजे उपचाराचा पैसा दानशूर माणसाचा. आणि संशोधनाचा? तो सरकारने दिला, पण कशासाठी ते बघा. 1889मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली (पुढे ती मुक्तेश्वरला गेली, आजची आयव्हीआरआय ती हीच). तिचा मुख्य शत्रू होता बुळकांडी. बैल मेला की शेती बुडते आणि शेती बुडली की सारा बुडतो. हिशोब सरळ होता आणि तो फळलाही. 2011मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं.

या हिशोबात कुत्रा बसत नव्हता. तो चावला तरच बसायचा! 1907मध्ये कुन्नूरला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, तीही हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाच्या देणगीतून. काळजी अर्थात माणसाच्या रेबीजची होती.

मग जातिवंत कुत्र्यांचं कोण बघत होतं? राजेलोक. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी कारवानी कुत्रे जोपासले, तेच आजचे मुधोळ हाउंड. पण यात एक मोठी मेख आहे. 1948मध्ये संस्थानं विलीन झाली. मुधोळही गेलं आणि आमच्या मुरुडच्या नवाबाचं जंजिराही. राजा गेला की त्याच्या हौसेचं बजेटही जातं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. स्पॉन्सरने कंपनी सोडली की प्रोजेक्ट कोणाच्या डोक्यावर पडतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. कारवानी कुत्रे टिकवले ते उत्तर कर्नाटकातल्या आणि आपल्या सोलापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्या-धनगरांनी, स्वतःच्या भाकरीतली भाकर घालून. खूप नंतर कर्नाटक सरकारने मुधोळजवळ श्वान संशोधन केंद्र काढलं.

परदेशात सगळं आलबेल असेल असं वाटतं ना? तिथेही थोड्याफार फरकाने हेच. अमेरिकेत खुब्यांचे एक्स-रे तपासून नोंद ठेवणारी संस्था 1966मध्ये निघाली. जॉन ऑलिन नावाच्या उद्योगपतीच्या लॅब्रॅडॉरला हाच आजार झाला म्हणून! 2005मध्ये टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जीनोम छापून आला, त्याला अमेरिकन करदात्याचा पैसा होता. कारण कुत्र्याचे बरेच आजार माणसालाही होतात. 1999मध्ये डॉबरमनच्या नार्कोलेप्सीचं जनुक सापडलं आणि त्याच धाग्यावरून पुढे 2014मध्ये माणसाच्या निद्रानाशावरचं औषध बाजारात आलं. आणि ब्रिटनमधला अॅनिमल हेल्थ ट्रस्ट, 1942पासूनची नावाजलेली संस्था, 2020मध्ये पैशाअभावी बंद पडला. त्यातलं कुत्र्यांच्या जनुकांवरचं काम 2021मध्ये केंब्रिज विद्यापीठात पुन्हा सुरू झालं, तेव्हा पैसा केनेल क्लबने घातला.

म्हणजे आतापर्यंत बिल भरलं ते शेठने, राजाने, उद्योगपतीने, नाहीतर माणसाला फायदा दिसला तेव्हा सरकारने. ज्या व्यवहारातून आजार पसरतो, त्या व्यवहाराने क्वचितच.

आणि आजार पसरतो तो त्या व्यवहारातूनच. जातिवंत म्हणजे वंशावळीचं पुस्तक बंद. बाहेरचं रक्त नको, आणि शोमध्ये जिंकलेल्या एकाच नराची पिल्लं सगळीकडे. एकच लायब्ररी शंभर प्रोजेक्टमध्ये कॉपी-पेस्ट केल्यासारखं आहे हे. तिच्यातला बग शंभर ठिकाणी जातो. हिप डिस्प्लेजिया तर एका जनुकाचा खेळच नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या एक्स-रे काढून, नोंदी ठेवून, त्याप्रमाणे जोड्या लावाव्या लागतात. हे कंटाळवाणं मेंटेनन्सचं काम आहे, आणि मेंटेनन्सला कोणी देणगी देत नाही.

म्हणून मला पांजरापोळची ती पट्टी आठवते. जातिवंत पिल्लाच्या प्रत्येक विक्रीवर आणि नोंदणीवर थोडी रक्कम, आणि ती फक्त आरोग्याच्या नोंदी आणि संशोधनासाठी. ब्रीडरने अर्धी, घेणाऱ्याने अर्धी. 2017च्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, म्हणजे वसुलीची खिडकी कागदावर तरी तयार आहे. "मग सगळे बिनापावतीची विक्री करतील," असं कोणी म्हणेल. काही करतीलही. पण आपण घेणाऱ्यांनीच आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे मागायला सुरुवात केली, तर नोंद नसलेलं पिल्लू विकणं अवघड होईल. कारवानीची गोष्ट मात्र वेगळी. ज्या धनगराने हा ठेवा फुकटात सांभाळला, त्याच्याकडून पट्टी कसली मागता? तिथे सरकारनेच खिशात हात घालायला हवा.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत नाहीये. आमच्या घरी लॅब्रॅडॉर आहे. तिला आणताना मी रंग विचारला, किंमत विचारली, पेपर विचारले. आईचे खुबे कसे आहेत ते विचारलं नाही. तेव्हा या बिलातला थोडा हिस्सा माझ्याही नावावर आहे.

असो. मुरुडच्या वाळूत त्या कुत्र्याच्या मागच्या पंजांचे ठसे उमटत नव्हते, दोन लांबलचक रेघा उमटत होत्या. भरती आली आणि त्या पुसल्या गेल्या. कोणीतरी त्या कागदावर मांडून ठेवायला हव्यात, आणि त्या कागदाचे पैसे आपणच द्यायला हवेत.