न दिसणारी शीर

चंडीगडमध्ये पत्ता म्हणजे आकडा. ल कॉर्ब्युझिएने आखलेल्या या शहरात सेक्टर १२ म्हटले की रिक्षावाला थेट पीजीआयपाशी सोडतो. तिथे दादाची फाइल मांडीवर घेऊन मी बसलो होतो. डॉक्टरांनी कागदावर यकृत काढले, दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "या शिरेतून यकृत भेदून त्या शिरेत सुई न्यायची. दुसरी शीर क्ष-किरणांत आपोआप दिसत नाही." घरी परतल्यावर मी या उपचाराचा इतिहास शोधू लागलो.

दादाला बड-चिअरी होता. यकृतातून रक्त बाहेर नेणारी वाट तुंबते आणि पोटात पाणी साठते. लंडनच्या जॉर्ज बड यांनी १८४५ मध्ये आणि प्रागच्या हान्स चिअरी यांनी १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले. पीजीआयमधील दिलावरी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा १७७ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला.

उपाय मात्र चुकीतून सापडला. अमेरिकेत योसेफ रॉश कुत्र्यांवर प्रयोग करत होते. मानेच्या शिरेतून यकृतात नेलेली सुई पित्तनलिका शोधत होती. ती शिरली आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये. या दोन शिरा जोडल्या तर तुंबलेल्या रक्ताला वाट मिळेल, हे त्यांनी ताडले आणि १९६९ मध्ये तसे मांडले. पण केलेली वाट बुजत असे. पुढे धातूची जाळी, म्हणजे स्टेंट आला आणि जानेवारी १९८८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे तो पहिल्यांदा रुग्णात या कामी बसवला गेला.

वाट टिकू लागली, तरी सुईचा नेम अंदाजानेच धरायचा होता. मग कार्बन डायऑक्साइड सोडून पोर्टल व्हेनची आकृती उमटवू लागले. सोनोग्राफीची मदत आली. आता आधीच्या सीटी स्कॅनचा नकाशा चालू क्ष-किरण चित्रावर बसवता येतो. पण यकृत श्वासागणिक वरखाली होते, ताठ सुईने ओढलेही जाते आणि नकाशा सरकतो. शेवटी हाताची सवय लागतेच.

दादाची वाट उघडली, पोट उतरले. मात्र यकृत टाळून गेलेले रक्त न गाळलेले असते. त्यातला अमोनिया मेंदूला गुंगवू शकतो. बोलणे बदलले, दिवसा झोप वाढली तर लगेच या, असे डॉक्टरांनी वहिनीला बजावले होते. ती रोज सकाळी चहा देताना विचारते, "आज वार कोणता?" दादा वैतागून वार सांगतो. मगच ती स्वतःचा कप उचलते.