तंबाखू सोडणे आणि सुटलेली राहणे

'तंबाखू सोडली' हे वाक्य कोल्हापुरात आम्ही जितक्या वेळा ऐकले आहे तितके दुसरे क्वचितच ऐकले असेल. कोणी पाडव्याला सोडतो, कोणी मुलगी झाली म्हणून सोडतो, कोणी जोतिबाला नारळ फोडून सोडतो. ही माणसे खोटे बोलत नसतात. त्या दिवशी त्यांनी चंची खरोखरच पंचगंगेत टाकलेली असते. पण पुढच्या दसऱ्याला भेट झाली की त्यांच्या तळहातावर पुन्हा चुना दिसतो. विडी सोडणाऱ्याची गत तर आणखी वेगळी. तो विडी सोडतो आणि मळायला लागतो. एका दाराने बाहेर पडून दुसऱ्या दाराने आत येतो.

मराठीत 'सोडणे' आणि 'सुटणे' ही दोन क्रियापदे आहेत. पहिली क्रिया एका दिवसात होते, दुसरीला वर्षे लागतात. विज्ञानाला हा फरक कळायलाही बराच काळ लागला. त्याचा इतिहास शाळेत सांगण्याजोगा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या शेजारीच होते.

१६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी आला होता. आपला पन्हाळा तेव्हा आदिलशाहीतच होता. अमेरिकेतून निघालेली तंबाखू पोर्तुगीजांच्या गलबतांतून दक्षिणेत पोचलेली होती. असद बेगाने ती पूर्वी कधी पाहिली नव्हती. त्याने विजापुरातून थोडी तंबाखू बरोबर घेतली, रत्नजडित चिलीम करवून घेतली आणि दोन्ही अकबरापुढे ठेवली. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. तेवढ्यात राजवैद्याने अडवले. त्याचा आक्षेप धर्माचा नव्हता, शास्त्राचा होता : या वस्तूचा आपल्या ग्रंथांत उल्लेख नाही, तिची परीक्षा झालेली नाही, मग ती बादशहांना कशी द्यायची? असद बेगाने उत्तर दिले की फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही जाणते आहेत. आणि जगातली प्रत्येक रीत कधी तरी नवीच होती. नववी-दहावीच्या वर्गात हा वाद दोन गट करून जरूर घडवून आणावा. वैद्याची बाजू बरोबर होती, पण वादात असद बेग सरस ठरला असे आम्हांला वाटते. अकबराने तंबाखूची सवय लावून घेतली नाही. दरबारी मंडळींनी मात्र असद बेगाकडे मागणी लावली, आणि बघता बघता व्यापारी ती विकू लागले.

पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. तिकडे इराणच्या शाह अब्बासनेही घातली होती. गंमत अशी की जहांगीराने त्या शाहाच्या दरबारी पाठवलेला वकील, खान आलम, तंबाखूवाचून क्षणभरही राहू शकत नसे. अखेर शाहाला त्याच्यापुरती बंदी सैल करावी लागली. हे जहांगीराने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. सोडता न येणे ही गोष्ट ज्याच्याबाबत लिहून ठेवली गेली, असा आपल्याकडचा हा फार जुना माणूस. बंदी टिकली नाही, हे वेगळे सांगायला नको.

बंदी न टिकण्याचे एक कारण आपल्या भागात उभे पीक होऊन डोलते. कागलपासून निपाणी-चिकोडीपर्यंतच्या काळ्या जमिनीत विडीची तंबाखू येते. निपाणी १९५६ पासून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली, पण तिची बाजारपेठ, बोली आणि सोयरिकी आपल्याच राहिल्या. तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. वखारींतून तंबाखू चाळणाऱ्या बायांचे ठसके ज्याने ऐकले आहेत त्याला या पिकाचे प्रेम वाटणार नाही, पण त्याच वखारीच्या मजुरीवर शिकलेली मुले आमच्या वर्गांत बसलेली आहेत. म्हणून या पट्ट्यात 'तंबाखू वाईट' एवढेच फळ्यावर लिहून शिक्षकाला मोकळे होता येत नाही. ते वाक्य वर्गातल्या कोणाच्या तरी पोटावर पाय देते.

तंबाखू वाईट आहे हे कळायला मात्र तीनशेहून अधिक वर्षे लागली. १८२८ मध्ये हायडेलबर्गला पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी तंबाखूतून निकोटीन वेगळे काढले. ते विष आहे हे लगेच समजले. माणूस त्याला बांधला जातो, ही गोष्ट अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालात निःसंदिग्ध शब्दांत यायला १९८८ साल उजाडले. मधल्या काळात कर्करोगाचा शोध लागत होता. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. संघवी यांनी सहकाऱ्यासह १९५५ मध्ये ओढण्याची आणि चघळण्याची तंबाखू यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात मांडला. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवले होते. ते काम चालू असतानाच डॉलने स्वतः सिगारेट सोडली.

पुढच्याच वर्षी या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना प्रश्नावली पाठवली. ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा तेव्हापासून पन्नास वर्षे घेतला गेला. या काळात त्यांच्यापैकी पुष्कळांनी धूम्रपान सोडले, आणि त्यामुळे सोडल्याने नेमके काय होते हे मोजता आले. २००४ चा निष्कर्ष असा : तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला न सोडणाऱ्यापेक्षा सुमारे १० वर्षांचे, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला ९, पन्नासाव्या वर्षी ६ आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला ३ वर्षांचे आयुष्य जास्त मिळते. 'आता या वयात सोडून काय उपयोग' म्हणणाऱ्या निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्यासाठी आम्ही हा शेवटचा आकडा पाठ करून ठेवला आहे.

पण हे आकडे ज्यांची सुटलेली राहिली त्यांचे आहेत. किती जणांची राहते? १९७१ मध्ये हंट, बार्नेट आणि ब्रँच या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनमुक्तीच्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकाच आलेखावर काढले. आडव्या अक्षावर सोडल्यापासूनचे महिने, उभ्या अक्षावर अजून व्यसनमुक्त असलेल्यांची टक्केवारी. हेरॉइन, दारू आणि धूम्रपान, तिन्हींच्या वक्ररेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. पहिल्या तीन महिन्यांत रेषा कड्यावरून पडावी तशी खाली येते. साधारण दोन तृतीयांश माणसे तेवढ्यात परत फिरलेली असतात. त्यानंतर रेषा हळूहळू सपाट होते. सपाट होते, पण उतरणे पूर्ण थांबत नाही.

या रेषेमागचे शरीरशास्त्र आता बरेच उलगडले आहे. धुरातले निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते. तेथील ग्राहकांना, म्हणजे पेशींवरच्या ज्या रेणूंना ते चिकटते त्यांना, ते चेतवते आणि डोपामीन स्रवते. रोजच्या माऱ्याने या ग्राहकांची संख्या वाढते. रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते, म्हणून दोन तासांचा पेपर तपासून झाला की हात खिशाकडे जातो. सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे हे दोन-तीन दिवसांत कळसाला जाते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते. ग्राहकांची वाढलेली संख्याही काही आठवड्यांत उतरते. मग वर्षाने माणूस परत का फिरतो? कारण शरीर मोकळे झाले तरी आठवण मोकळी होत नाही. चहाचा कप, मधली सुट्टी, एसटीची वाट पाहणे, जेवणानंतरची सुस्ती या प्रत्येकाला तंबाखूची जोड लागलेली असते. पाव्हलॉव्हची घंटा आपण दरवर्षी शिकवतो. आपल्या शिक्षक-खोलीतली घंटा त्याहून फार वेगळी नाही.

बाहेरच्या मदतीचा उपयोग होतो का, हेही याच सुमारास तपासले गेले. लंडनच्या मायकेल रसेल यांनी १९७९ मध्ये २८ डॉक्टरांच्या दवाखान्यांतून साधा प्रयोग केला. काही रुग्णांना डॉक्टरांनी 'सोडा' एवढेच सांगितले, एक पत्रक दिले आणि पुन्हा विचारपूस होईल असे बजावले. वर्षानंतर त्यांच्यापैकी ५.१ टक्के जणांची सुटलेली होती. ज्यांना काहीच सांगितले नाही त्यांच्यात ०.३ टक्के. पाच टक्के ऐकून हसू येईल. पण दोन मिनिटांच्या बोलण्याची ही किंमत आहे. त्यातला 'पुन्हा विचारू' हा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तेच सूत्र आपल्याकडच्या कामातही दिसते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. त्याचा अहवाल १९७२ मध्ये आला. पाहणी करून हे लोक थांबले नाहीत. १९७७ पासून त्यांनी केरळातील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम आणि गुजरातेतील भावनगर या जिल्ह्यांत छत्तीस हजारांहून अधिक तंबाखू वापरणाऱ्यांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. श्रीकाकुलमच्या बायका चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढत. गोव्यातल्या धुमटीचीही तीच तऱ्हा. दंतवैद्य दरवर्षी त्याच माणसांकडे जात, तोंड पाहत आणि पुन्हा समजावत. ज्यांनी तंबाखू सोडली त्यांच्या तोंडात कर्करोगाच्या आधी येणारे पांढरे चट्टे नव्याने उठण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले.

दरवर्षी कोणी तरी येऊन तोंड उघडायला लावणार ही खात्री उपदेशाइतकीच कामाला येत असावी, असा आमचा तर्क आहे. या तर्काला कोल्हापुरातच दोन आधार मिळतात. पहिला तालमीचा. वस्तादाच्या नजरेखाली राहणारा पोरगा विडीला हात लावत नाही; तालीम सुटली, कुस्ती संपली की त्यांतले काही जण टपरीवर दिसू लागतात. दुसरा आधार माळेचा. माळ घातलेला माणूस मद्य-मांस सोडतो आणि ते बहुधा जन्मभर सुटलेले राहते. एकट्याच्या निश्चयाने नव्हे. पंधरवड्याची एकादशी, गावातले भजन आणि वर्षाची वारी त्याला धरून ठेवतात. तंबाखू बहुधा या नेमाबाहेर राहिली. टाळ बाजूला ठेवून चंची सोडणारे माळकरी आम्ही पाहिले आहेत. ज्या यंत्रणेने दारू सुटलेली ठेवली, तिला तंबाखूचे काम कोणी सांगितलेच नाही.

शिक्षकांच्या बाबतीत असा एक प्रयोग झाला आहे, तो बिहारमध्ये. तेथील ७२ शाळांपैकी निम्म्या शाळांत वर्षभर शिक्षकांनीच शिक्षकांच्या बैठका घेतल्या, मुख्याध्यापकांना बरोबर घेतले, सोडणाऱ्याला सोबत दिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : उपक्रम संपताच या शाळांतल्या तंबाखू वापरणाऱ्या शिक्षकांपैकी ५० टक्के जणांनी महिनाभर तंबाखू घेतलेली नव्हती; इतर शाळांत १५ टक्के. उपक्रम संपून नऊ महिने झाल्यावर सहा महिने सतत मुक्त राहिलेले पाहिले तर आकडे १९ आणि ७. सांख्यिकीच्या नेहमीच्या कसोटीला हा दुसरा फरक काठावर येऊन थांबतो, हेही सांगितले पाहिजे. दोन मोजमापे तंतोतंत सारखी नाहीत, तरीही ५० वरून १९ ही घसरण पाहून आम्हांला १९७१ चा तो आलेखच आठवला. बैठका संपल्या आणि रेषा खाली आली.

आपल्याकडे काय चालते? २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले, ओढणारे ३.८ टक्केच, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न मुख्यतः तळहातावरचा आहे. जागतिक तंबाखूविरोधी दिन येतो ३१ मे रोजी, जेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते. शपथ जून-जुलैत उरकली जाते. तीन महिन्यांनी, म्हणजे आलेखाचा कडा जेथे संपतो तेथे, पुन्हा कोणी विचारत नाही.

आमच्यातला एक जण विज्ञानाचा शिक्षक. एकोणीस वर्षे विडी आणि तंबाखू दोन्ही. त्याने स्वतःच्या सोडण्याच्या खेपांची नोंद ठेवली आहे : पहिली नऊ दिवस टिकली, दुसरी चार महिने, तिसरी दोन वर्षे. प्रत्येक खेप आधीच्यापेक्षा लांब गेली, म्हणून त्याने हे अपयश मानले नाही. चौथ्या वेळी त्याने शाळेतल्या दोघांना दर शनिवारी विचारायला सांगितले, आणि चार वाजताचा चहा टपरीवर न घेता प्रयोगशाळेत घ्यायला सुरुवात केली. त्याला आता अकरा वर्षे झाली. शनिवारचा प्रश्न अजून चालू आहे. मागच्या हंगामात तो लग्नासाठी निपाणीला निघाला होता. एसटी वखारींच्या रस्त्याला लागली, उघड्या खिडकीतून तो वास आला आणि अकरा वर्षांनी तोंडाला पाणी सुटले. त्याने खिडकी लावून घेतली आणि सोमवारी नववीला पाव्हलॉव्ह शिकवताना हे सांगितले.