काझीसाहेबांची कचेरी मोंबासात कशी टिकली?

अल्लीपुरात एका निकाहनंतर वकिलीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका पोराने मला विचारले, ‘चाचा, काझी म्हणजे न्यायाधीश ना? मग आपले काझीसाहेब नुसता निकाहच का लावतात?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधताना मला पार केनियात जावे लागले.

आधी घरचे पाहू. कंपनीच्या काळात कोर्टात शरियतचे मत सांगायला काझी आणि मौलवी असत. १८६४ च्या ११ व्या कायद्याने ही सरकारी पदे बंद झाली. पुढे निकाहसाठी सरकारने नेमलेला काझी हवा, अशी अनेक ठिकाणच्या मुसलमानांची मागणी आली, म्हणून १८८० चा काझी कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमात स्वच्छ लिहिले आहे की या नेमणुकीने काझीला न्यायदानाचा कोणताही अधिकार मिळत नाही.

शरियत मात्र कोर्टात राहिली. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथल्या १८७५ च्या कायद्याचे पाचवे कलम सांगते की लग्न, मेहर, वारसा, बक्षीसपत्र अशा बाबतींत पक्षकार मुसलमान असतील तर मुस्लिम कायदा लावावा आणि हिंदू असतील तर हिंदू कायदा. सहावे कलम म्हणते की जिथे कोणताच नियम नाही, तिथे न्याय, समता आणि सद्सद्विवेकबुद्धी. म्हणजे कायद्याचा स्रोत शरियत, पण ती सांगणारा इंग्रजी कोर्टाचा न्यायाधीश. स्रोत आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या बहुतेक वादांत त्यांची गल्लत होते.

आता केनिया. तिथल्या किनाऱ्याचे आणि मुंबईचे नाते जुने आहे. झांझिबारमध्ये खोजे, बोहरे, भाटिये व्यापारी होते. १८८४ च्या राजाज्ञेने तिथल्या ब्रिटिश कोर्टाच्या कामासाठी झांझिबार हा जणू मुंबई इलाख्यातला एक जिल्हाच मानला गेला, आणि अपील मुंबई हायकोर्टात येत असे! पुढे १८९७ मध्ये भारतीय दंड संहिता, करार कायदा, पुरावा कायदा जहाजातून उतरल्यासारखे केनियातही लागू झाले. इकडचे कायदे गेले, पण काझीची कचेरी बंद करण्याचे धोरण तिकडे गेले नाही.

कारण होते करार. मोंबासाची किनारपट्टी झांझिबारच्या सुलतानाची होती. १८९५ च्या करारानुसार इंग्रजांनी तिचा कारभार वार्षिक रक्कम देऊन घेतला, मालकी घेतली नाही. त्यामुळे तिथले काझी उठवता आले नाहीत. १९६३ मध्ये किनारा स्वतंत्र केनियात सामील होताना केन्याटा आणि झांझिबारचे पंतप्रधान शाम्टे यांच्यात पत्रव्यवहार झाला आणि काझी कोर्टे राखण्याची हमी मिळाली.

आज नैरोबीच्या विद्यार्थ्याला कायद्याचे स्रोत शिकताना १९६७ चा न्यायव्यवस्था कायदा वाचावा लागतो. राज्यघटना, संसदेचे कायदे, १२ ऑगस्ट १८९७ रोजी इंग्लंडात असलेले सामान्य कायदे, आफ्रिकी रूढी, सगळे त्यात येते. काझी कोर्ट मात्र थेट राज्यघटनेत, कलम १७० मध्ये. त्याचा अधिकार लग्न, तलाक, वारसा एवढ्यापुरता, आणि तोही सर्व पक्ष मुसलमान असून त्यांनी ते कोर्ट मान्य केले तरच. साक्ष घेताना धर्म किंवा स्त्री-पुरुष असा भेद करायचा नाही, हेही कायद्यातच लिहिले आहे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

हे सगळे निर्वेध झाले असे समजू नका. मे २०१० मध्ये तिथल्या हायकोर्टाने जुन्या घटनेतले काझी कोर्टाचे कलम निधर्मी तत्त्वाशी विसंगत ठरवले. अनेक चर्चनी नव्या मसुद्यालाही कडाडून विरोध केला. ४ ऑगस्टला सार्वमत झाले आणि घटना मंजूर झाली.

पोराला हे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मग आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा तिकडे अजून आहे का?’ मी म्हटले, २०१२ मध्ये केनियाने तो रद्द केला. ‘आणि मला पुढे परीक्षेला आहे,’ तो वैतागून म्हणाला.